दिल्लीला निघालात? इंडिया गेटसाठी अर्धा दिवस राखून ठेवा

वैष्णोदेवी, हरिद्वार, मथुरा करून परतणारी यात्रेची गाडी दिल्लीत एक दिवस थांबते. गाडी केजची असो, गेवराईची, आष्टीची की परळीची, त्या एका दिवसात लाल किल्ला, कुतुबमिनार, लोटस टेम्पल, राजघाट आणि इंडिया गेट एवढं सगळं बसवायचं असतं. गावी आल्यावर विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "इंडिया गेट बघितलं, पण गाडीतूनच." कुणी सोमवारी गेलेलं असतं आणि संग्रहालयाच्या बंद दारावरून माघारी आलेलं असतं. कुणी दिवाळीच्या सुट्टीत राष्ट्रपती भवनाची बाग शोधत फाटकाशी उभं राहिलेलं असतं. कुणी कमानीखाली अमर जवान ज्योत शोधत बसलेलं असतं.

दिल्लीला माझं कामानिमित्त येणंजाणं आहे. त्यामुळे निघण्याआधी बरेच जण फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून हे सगळं एकदा लिहूनच काढलं. इंडिया गेटचा परिसर ही देशाच्या राजधानीतली मोठी मोकळी जागा आहे, ती फुकट बघता येते, आणि आपल्यापैकी बहुतेकांची तिथली फेरी वाया जाते ती चुकीचा वार, चुकीची वेळ आणि मध्यस्थावर टाकलेला विश्वास या तीन कारणांनी. तिन्ही गोष्टी घरून निघण्याआधीच टाळता येतात.

नेहमीच्या प्रश्नांची सरळ उत्तरं

- इंडिया गेटला तिकीट नाही. कर्तव्य पथाला नाही, राष्ट्रीय युद्ध स्मारकालाही नाही. कुणी मागितलं तर देऊ नका.
- कमानीवर चढता येत नाही. खालूनच बघायची असते.
- अमर जवान ज्योत आता कमानीखाली नाही. २६ जानेवारी १९७२ पासून ती तिथे होती. २१ जानेवारी २०२२ रोजी ती शेजारच्या युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली.
- २६ जानेवारीचं संचलन कर्तव्य पथावर होतं. १५ ऑगस्टचं पंतप्रधानांचं भाषण लाल किल्ल्यावरून होतं. या दोन्हींची गल्लत करून तारखा ठरवणारे पुष्कळ भेटतात.
- राष्ट्रपती भवन आतून बघता येतं. मात्र नोंदणी आधी करावी लागते.
- राजपथ आणि कर्तव्य पथ एकच. इंग्रजांच्या वेळी त्याला किंग्जवे म्हणत, स्वातंत्र्यानंतर राजपथ झाला आणि सप्टेंबर २०२२ पासून कर्तव्य पथ.

आधी जागा समजून घ्या

पश्चिमेला रायसीना टेकडीवर राष्ट्रपती भवन. त्याच्या पुढ्यात दोन्ही अंगांना नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक. १९६२ मध्ये चीनच्या युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्यांचं कार्यालय या साउथ ब्लॉकमध्ये होतं. टेकडीचा उतार संपतो तिथे विजय चौक. तिथून पूर्वेकडे नाकासमोर सुमारे दोन किलोमीटर रस्ता जातो, दोन्ही बाजूंना हिरवळ, पाण्याचे पाट आणि जांभळाची झाडं. रस्त्याच्या टोकाला इंडिया गेट. कमानीच्या मागे छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा २८ फुटी ग्रॅनाइटचा पुतळा आहे. या छत्रीत पूर्वी इंग्लंडच्या राजाचा, पाचव्या जॉर्जचा पुतळा होता. छत्रीच्या पलीकडे राष्ट्रीय युद्ध स्मारक.

आपल्याकडच्या जुन्या शेतकरी कार्यकर्त्यांना याच हिरवळीचं वेगळं नाव ठाऊक आहे, बोट क्लब. ऑक्टोबर १९८८ मध्ये महेंद्रसिंह टिकैत यांनी उत्तर प्रदेशातले शेतकरी आणून ही सगळी हिरवळ भरून टाकली होती. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची माणसं इथेच मेळाव्याला आली. तुमच्या घरात त्या पिढीतलं कुणी असेल, तर जाण्याआधी त्यांच्याशी बोलून जा. ती जागा मग वेगळीच दिसते.

दोन टोकांत एवढं अंतर असल्यामुळे ही जागा एका थांब्यात होत नाही. एक अर्धा दिवस इंडिया गेटच्या बाजूचा आणि जमलं तर दुसरा अर्धा दिवस राष्ट्रपती भवनाच्या बाजूचा. एकच मिळणार असेल तर इंडिया गेटची बाजू घ्या, तिथे नोंदणीची कटकट नाही.

कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी

सोमवार टाळा. कमान आणि युद्ध स्मारक सोमवारीही उघडं असतं, पण राष्ट्रपती भवन, जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय, जयपूर हाउसमधली चित्रांची राष्ट्रीय गॅलरी, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, हे सगळं सोमवारी बंद असतं. लाल किल्लाही बंद. म्हणजे सोमवारचा मुक्काम हा अर्धा फुकट गेलेला मुक्काम समजा. यात्रा कंपनीकडे पैसे भरण्याआधी दिल्लीचा दिवस कोणत्या वारी येतो हे कॅलेंडरवर स्वतः बघा.

महिन्यांचं सांगायचं तर आपली अडचण खरी आहे. कारखान्याचा हंगाम, शाळेच्या सुट्ट्या आणि पेरणी यांतून आपल्याला मोकळीक मिळते ती मे महिन्यात नाही तर दिवाळीत. मे महिन्यात दिल्लीत ऊन ४५ अंशांपर्यंत जातं. बीडच्या माणसाला उन्हाचं काय, असं म्हणू नका. तिथे दोन किलोमीटर उघड्यावर चालायचं असतं. दिवाळीनंतर हवा इतकी खराब होते की कधीकधी विजय चौकातून इंडिया गेट धूसर दिसतं. दमेकऱ्यांनी नोव्हेंबर टाळलेलाच बरा. निवड करता आली तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. मे महिन्यातच जावं लागलं तर पहाटे साडेपाचला पोहोचा आणि नऊच्या आत आवरा, किंवा सूर्य मावळताना जा.

जानेवारीत जाणार असाल तर एक सूचना. २६ तारखेच्या आधी काही आठवडे कर्तव्य पथावर बैठकींचे मांडव असतात, हिरवळीचा बराच भाग कुंपणाआड जातो आणि संचलनाच्या सरावासाठी सकाळी रस्ते अडवले जातात. संचलन बघायचं असेल तरच या काळात जा. नुसतं फिरायचं असेल तर नको.

रात्रीची रोषणाई सुंदर असते आणि दिल्लीकर कुटुंबं तेव्हाच बाहेर पडतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी मात्र गर्दी इतकी होते की लेकराचा हात सोडवत नाही.

बीडहून पोहोचण्याचे मार्ग

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली. कित्येक वर्षं वाट बघून मिळालेली गाडी आहे ही. पण दिल्लीची थेट गाडी बीडहून नाही, हे ध्यानात ठेवा. सोयीचे मार्ग असे आहेत :

- अहिल्यानगरहून : कर्नाटक एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस, झेलम एक्सप्रेस. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, बीड या बाजूच्यांना हे जवळचं.
- जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून : नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस. गेवराई, माजलगाव, बीडकरांना सोयीची. या गाडीत वाटेतल्या काही स्थानकांवर शीख बांधव प्रवाशांना लंगर देतात. आपलं ताट-वाटी सोबत असू द्या.
- परळी, अंबाजोगाई, धारूरकडच्यांनी परभणीला जाऊन सचखंड पकडावी.
- विमानाने : चिकलठाण्याहून दिल्ली. भाडं रोज बदलतं, म्हणून जाण्याची तारीख पक्की झाली की लगेच बघा.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. यात्रा चार महिने आधी ठरवून "तिकीट काढून ठेवलंय" असं कुणी सांगत असेल तर तिकिटाचा पीएनआर क्रमांक मागा आणि १३९ वर विचारून खात्री करा.

दिल्लीत उतरल्यावर

नवी दिल्ली स्थानकाबाहेर ओझं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पाच जण घेरतात. कुणाशीही बोलू नका. प्रीपेड ऑटोची खिडकी शोधा, पावती घ्या आणि ती पोहोचेपर्यंत चालकाला देऊ नका. त्याहून सोपी मेट्रो. नवी दिल्ली स्थानकाला लागूनच मेट्रोचं स्थानक आहे. तिथून पिवळ्या मार्गाने केंद्रीय सचिवालय स्थानकावर उतरायचं. बाहेर पडलात की कर्तव्य पथ समोर येतो. एका हाताला विजय चौक, दुसऱ्या हाताला इंडिया गेट. मेट्रोचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. पुरुषांनी घाईत त्यात चढू नये, दंड होतो.

विमानाने येणाऱ्यांना विमानतळापासून केशरी मार्गाची मेट्रो मिळते. त्या मार्गावर एका स्थानकाचं नाव शिवाजी स्टेडियम आहे. त्याच्या पुढचं, शेवटचं स्थानक नवी दिल्ली.

मुक्कामाचं म्हणाल तर कस्तुरबा गांधी मार्गावर नवीन महाराष्ट्र सदन आहे, जून २०१३ मध्ये सुरू झालेलं. जुनं महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर. दोन्ही रस्ते इंडिया गेटच्या वर्तुळातूनच निघतात, म्हणजे दोन्ही सदनं पायी जाण्याइतकी जवळ आहेत. खोल्यांत पहिला हक्क लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि सरकारी कामावर आलेल्यांचा. सामान्य माणसाने खोली मिळेलच असं धरून जाऊ नये. नव्या सदनाचं उपाहारगृह मात्र कामाला येतं. आठ दिवस छोले-पराठे खाल्लेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे आपल्या चवीचं जेवण मिळतं, आणि यात्रेत त्याचं मोल किती असतं ते नेणाऱ्यालाच कळतं.

काय बघायचं, कसं बघायचं

कमानीपासून सुरुवात करा, पण फोटो काढून लगेच वळू नका. जवळ जा आणि भिंती वाचा. हे युद्ध स्मारक आहे हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊकच नसतं. एडविन लुटियन्सने आराखडा केला, १९२१ मध्ये पाया घातला गेला आणि १९३१ मध्ये ते खुलं झालं. उंची ४२ मीटर. पहिल्या महायुद्धात आणि अफगाण सीमेवर मेलेल्या सैनिकांपैकी १३ हजारांहून अधिक जणांची नावं तिथे कोरली आहेत. त्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं कुटच्या वेढ्यात उपाशी राहिली.

आपलं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. आपल्यासाठी इथे दोन खुणा आहेत आणि त्या कुणी दाखवत नाही. पहिली, इंडिया गेटच्या वर्तुळावर अशोक रोडच्या तोंडाशी असलेलं हैदराबाद हाउस. शेवटच्या निजामाने लुटियन्सकडून बांधून घेतलेला हा वाडा. आज परदेशी पाहुण्यांशी पंतप्रधानांच्या भेटी तिथे होतात. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचा. निजामाच्या तिजोरीत मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा शेतसारा जात होता हे आठवून बघा, म्हणजे त्या वाड्याशी आपलं नातं काय ते कळेल. दुसरी खूण थोडी लांब आहे, प्रधानमंत्री संग्रहालयासमोरच्या चौकात. तिथले तीन पुतळे म्हणजे हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर या तीन संस्थानांच्या घोडदळाचे स्वार. आता त्या चौकाला तीन मूर्ती हैफा चौक म्हणतात. तिघांतला एक स्वार आपल्या त्या वेळच्या मुलखाचा आहे.

त्याच वर्तुळावर बडोदा हाउस आहे. गायकवाडांचा वाडा. आता तिथे उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. दिल्लीशी मराठी माणसाचा संबंध याहून जुना आहेच. अठराव्या शतकात दिल्लीचा कारभार ज्यांच्या हाती होता ते महादजी शिंदे बीडच्या मन्सूरशहांना गुरू मानत, आणि मन्सूरशहांची समाधी आजही बीडमध्ये आहे.

आता युद्ध स्मारक. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या, निदान दीड तास. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते देशाला अर्पण झालं. एकात एक चार वर्तुळं आहेत, अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र. मधोमध स्तंभ आणि ज्योत. त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या फरशा बसवल्या आहेत आणि प्रत्येक फरशीवर एका सैनिकाचं नाव, हुद्दा आणि पलटण. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सुमारे २६ हजार जणांची नावं. शेजारी परम योद्धा स्थळ, तिथे २१ परमवीर चक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. संध्याकाळी ध्वज उतरवण्याच्या वेळी हुतात्म्याच्या घरच्या माणसांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. वेळ जमवता आली तर तेव्हा तिथे थांबा. मोबाइल खिशात ठेवा.

गावातल्या हुतात्म्याचं नाव शोधणाऱ्यांचा इथे एक घोटाळा होतो. या भिंतींवर लष्कर, नौदल आणि हवाई दलातली नावं आहेत. सीआरपीएफ, बीएसएफ, राज्य पोलीस यांतले जवान इथे सापडत नाहीत आणि घरचे लोक हिरमुसून परत फिरतात. त्यांच्यासाठी चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, २०१८ मध्ये उभं राहिलेलं. तिथल्या भिंतीवर ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावं आहेत. तेही सोमवारी बंद असतं.

वेळ उरला तर राष्ट्रीय संग्रहालयात जा. शाळेच्या पुस्तकात जिचं चित्र आपण बघितलं ती मोहेंजोदडोची नर्तकी तिथे आहे. लेकरांना ती बोटभर उंचीची बाई प्रत्यक्ष दाखवा.

आधी नोंदणी लागते अशा जागा

राष्ट्रपती भवन. तीन भाग आहेत, मुख्य इमारत, संग्रहालय आणि बाग. नोंदणी राष्ट्रपती भवनाच्या सरकारी संकेतस्थळावरच करायची. मुख्य इमारतीसाठी माणशी ५० रुपये पडतात. गटातल्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, आणि जाताना तेच ओळखपत्र मूळ स्वरूपात न्यावं लागतं. झेरॉक्स चालत नाही. पासवर लिहिलेल्या फाटकानेच जायचं, कारण तिथली फाटकं एकमेकांपासून दूर आहेत. ३४० खोल्यांच्या या घरात २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती म्हणून राहिल्या. आजीबाईंना हे सांगितलं की त्या पुढचे दोन तास न थकता चालतात, हा माझा अनुभव आहे.

अमृत उद्यान. पूर्वीचं मुघल गार्डन. जानेवारी २०२३ मध्ये नाव बदललं. वर्षभर उघडं नसतं. मुख्य हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, अलीकडे पावसाळ्याच्या शेवटीही काही दिवस उघडतात. प्रवेश मोफत आणि सोमवारी बंद. अलीकडच्या वर्षांत सामान्यांना ३५ क्रमांकाच्या फाटकातून सोडतात, तेही केंद्रीय सचिवालय मेट्रोपासून बसने.

पहारा बदल. शनिवारी सकाळी राष्ट्रपती भवनाच्या पटांगणात होतो. घोडदळ आणि बँड. मोफत आहे, पण नोंदणी हवी.

संसद. नवी इमारत २८ मे २०२३ ला सुरू झाली, जुनीला आता संविधान सदन म्हणतात. अधिवेशन चालू असताना गॅलरीत बसायचं तर खासदारांच्या शिफारशीने पास मिळतो. यासाठी दिल्लीत जाऊन धावपळ करू नका. निघण्याच्या बरेच आधी आपल्या खासदारांच्या बीडच्या कार्यालयात आधार कार्डाच्या प्रतीसह अर्ज द्या. तुम्ही त्यांचे मतदार आहात, संकोचाचं कारण नाही. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत घुसखोरी झाली, तेव्हापासून तपासणी कडक आहे. मोबाइल, पिशवी, पाकीट काहीही आत नेता येत नाही.

२६ जानेवारीचं संचलन. तिकिटं जानेवारीच्या सुरुवातीला संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' संकेतस्थळावर आणि दिल्लीतल्या ठरावीक खिडक्यांवर मिळतात. अलीकडे दर २० आणि १०० रुपये राहिलेत. कुणी पाचशे-हजार मागत असेल तर तो काळाबाजार आहे. तिकीट काढताना दाखवलेलं ओळखपत्रच संचलनाच्या दिवशी दाखवावं लागतं. पिशवी, डबा, पाण्याची बाटली, छत्री, पॉवर बँक, रिमोटची किल्ली यांतलं काही आत नेता येत नाही. पहाटे कडाक्याच्या थंडीत पोहोचावं लागतं, म्हणून स्वेटर आणि कानटोपी घालूनच जा. तिकीट नाही मिळालं तर निराश होऊ नका. २६ ते ३१ जानेवारीला लाल किल्ल्यासमोर भारत पर्व भरतं, तिथे सगळे चित्ररथ जवळून आणि फुकट बघायला मिळतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या 'पंढरीची वारी' चित्ररथाला पहिलं बक्षीस मिळालं होतं, २०१८ मध्ये शिवराज्याभिषेकाला. २९ जानेवारीला संध्याकाळी विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं. त्याचीही तिकिटं असतात.

फसगत कुठे होते

*दिल्ली दर्शन बस.* स्वस्त तिकिटाच्या बसचा खरा धंदा दुकानांवर चालतो. इंडिया गेटला पंधरा मिनिटं आणि कुठल्याशा 'सरकारी एम्पोरियम'मध्ये दीड तास. तिकीट घेण्याआधी विचारा, कुठे किती वेळ थांबणार, आणि ते पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर दुसरी बस बघा.

*नकली संकेतस्थळं.* राष्ट्रपती भवन, संचलन, संग्रहालय, कशाचीही नोंदणी करताना पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. नसेल तर पैसे भरू नका.

*फोटोवाले.* गळ्यात कॅमेरा घालून "एक फोटो, आंटी" म्हणत येतात आणि तीस फोटोंच्या प्रती हातात ठेवतात. काढायचाच असेल तर किती फोटो, किती पैसे, हे आधी ठरवा आणि दुसऱ्या कुणासमोर बोला.

*झेंडा आणि मेंदी.* माझ्या शर्टाला एका बाईने न विचारता कागदी तिरंगा टोचला आणि शंभर रुपये मागितले. मी लाजेने दिले. द्यायला नको होते. बायकांचा हात धरून मेंदीचा ठिपका लावतात, तेही तसंच. मोठ्याने "नको" म्हणा आणि चालत राहा.

*ऑटो.* मीटरने चला म्हणा. नाही म्हणाला तर सोडून द्या, दुसरा येतो. "तिकडं रस्ता बंद आहे, मी दुसरीकडून नेतो" हे ऐकलं की समोरच्या पोलिसाला विचारा.

तुमचे हक्क आणि तिथली बंधनं

- पाण्याच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मागणं बेकायदा आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते.
- हॉटेलच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' सक्तीने लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. तो काढून टाका असं तुम्ही सांगू शकता.
- बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. पुरुष शिपाई पुढे आला तर थांबा आणि महिला पोलीस बोलवायला सांगा.
- कोणतीही आणीबाणी असेल तर ११२. महिलांसाठी १८१, हरवलेल्या लेकरासाठी १०९८.
- स्वतःसाठी मोबाइलवर फोटो काढायला बाहेर मनाई नाही. ड्रोन मात्र अजिबात उडवू नका, थेट गुन्हा दाखल होतो.
- इंडिया गेट परिसरात घोषणा, फलक, जमाव यांना मनाई आहे. पूर्वी इथे मोर्चे येत, आता आंदोलनाची ठरलेली जागा जंतरमंतर, आणि तिथेही पोलिसांची परवानगी घ्यावी लागते. पीकविम्याची किंवा दुसरी कुठली मागणी घेऊन दिल्लीला जाणाऱ्यांनी परतताना इंडिया गेटवर फलक धरून फोटो काढण्याचा मोह टाळावा. ताब्यात घेतात आणि गाडी चुकते.
- खाण्याचे गाडे ठरलेल्या जागीच आहेत. स्वच्छतागृहं आणि रस्ता ओलांडायला भुयारी मार्ग २०२२ च्या कामात झाले आहेत. वाहनांमधून रस्ता ओलांडू नका.

म्हातारी माणसं आणि लेकरं सोबत असतील तर

भगवानगडाच्या, नारायणगडाच्या सप्ताहाला जाणाऱ्या माणसाला गर्दी नवी नाही. पण तिथे ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. इथे कुणी भेटत नाही. गाडीतून उतरल्याबरोबर सगळ्यांना एकच जागा दाखवून ठेवा, नेताजींच्या पुतळ्याची छत्री. चुकामूक झाली तर तिथे यायचं आणि हलायचं नाही. लेकराच्या खिशात आणि म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीत आपला मोबाइल क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता हिंदीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ज्यांना गुडघेदुखी आहे त्यांना विजय चौकातून चालवत आणू नका, ऑटोने थेट इंडिया गेटच्या वर्तुळाशी उतरवा. हिंदी मोडकी असली तरी विचारायला लाजू नका. आपल्याकडची हिंदी दिल्लीत समजते, आणि तिथला पोलीस शिपाई बहुधा नीट उत्तर देतो.

निघण्याआधी एक काम

तुमच्या गावात, भावकीत किंवा शाळेच्या नावात एखादा हुतात्मा जवान असेल. त्याच्या घरी जाऊन पूर्ण नाव, हुद्दा, पलटण आणि वीरमरणाचं साल एका कागदावर लिहून घ्या. राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या संकेतस्थळावर ते नाव आधी शोधून ठेवता येतं, आणि स्मारकातही नाव शोधण्यासाठी पडदे बसवलेले आहेत. नाव सापडलं की त्या फरशीचा फोटो काढा आणि परत आल्यावर छापून त्याच्या आईच्या हातात द्या. तिला बहुधा दिल्ली बघायला मिळालेली नसते.